रुमालाला तिकीट नाही

तिसऱ्या आरामखुर्चीवर टॉवेल पसरून कंडक्टरबाईंनी त्यावर पायातल्या चपला काढून ठेवल्या, आणि कुणी पाहत तर नाही ना म्हणून मान वळवली. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. जहाजाचा वरचा डेक नुकताच धुतलेला होता, आणि पोहायच्या तलावात अजून एकही माणूस उतरला नव्हता. लांब कुठेतरी खुर्च्या पुसणाऱ्या टॉवेलवाल्याच्या बादलीची कडी वाजली, तर बाई दचकल्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही.

"ताई, तू पण?" मागून जांभया देत धाकटी बहीण आली होती. "लोका सांगे ब्रह्मज्ञान!"

"गप्प बस. आजचा दिवस वेगळा आहे."

"त्या टॉवेलमंडळाला रोजचाच दिवस वेगळा वाटतो."

बाईंनी चपला खुर्चीच्या मधोमध सरकवल्या. एकतीस वर्षं त्यांनी बसमध्ये तिकिटं फाडली होती. खिडकीतून हात घालून बाकावर रुमाल टाकायचा आणि मग दारातून ऐटीत चढून 'जागा धरली आहे' म्हणून सांगायचं, ही लोकांची खोड त्यांना पाठ होती. रुमाल, पिशवी, वर्तमानपत्र, एकदा तर एका महाशयांनी आपला चष्मा टाकला होता. बाई तो ऐवज दोन बोटांत उचलून ज्याचा त्याला परत करायच्या आणि समोर जो कुणी दमलेला जीव उभा असेल त्याला तिथे बसवायच्या. "रुमालाला तिकीट नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. डेपोतली माणसं त्यांना त्याच वाक्यानं ओळखायची. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी गंमत म्हणून त्यांना डझनभर रुमाल भेट दिले होते.

आणि आता या जहाजावर आल्यापासून, म्हणजे गेले चार दिवस, जिकडे पाहावं तिकडे रुमालच रुमाल. फक्त इथे त्यांना टॉवेल म्हणत होते.

टॉवेलमंडळ हे नाव बाईंनीच ठेवलेलं. सहा जण होते, तिघं नवरे आणि तिघी बायका, सगळे पन्नाशी ओलांडलेले, नातवंडांचे फोटो मोबाईलवर मिरवणारे. पहाटे एक जण वर येऊन अठरा खुर्च्यांवर टॉवेल टाकून जायचा आणि मंडळ दुपारी जेवून मग उगवायचं. लिफ्टचं दार उघडलं की आतल्यांना बाहेर पडू न देताच हे आत घुसायचे. लहान मुलांच्या उथळ तलावात हेच सहा जण गुडघे दुमडून बसायचे आणि मुलं काठावर फुगे हातात धरून उभी राहायची. जेवणाच्या टेबलावर ताटं शिगोशीग भरायची, अर्धी टाकायची, आणि वर वाढणाऱ्यावरच डाफरायचं. त्यांच्यातल्या एकाच्या खिशात सतत गाणी वाजत असायची. त्याला बाई 'कर्णा' म्हणत. मंडळाच्या म्होरक्या बाईच्या डोळ्यांवर जेवतानाही काळा गॉगल असायचा, म्हणून ती गॉगलवाली.

तसा जहाजाचा नियम होता. खुर्चीवर चाळीस मिनिटं माणूस दिसला नाही, की टॉवेलवाल्यानं वेळ लिहिलेलं पिवळं कार्ड तिथे ठेवायचं आणि सामान उचलून आपल्या टॉवेल वाटपाच्या खिडकीवर जमा करायचं. पण टॉवेलवाला बिचारा पिकल्या मिशांचा, चार लेकरांचा बाप. प्रवाशानं तक्रार केली तर पुढच्या फेरीला कामावर घेतील की नाही याची धास्ती. कार्डांचा गठ्ठा त्याच्या खिशातच राहायचा.

तिसऱ्या दिवशी बाईंना राहवलं नाही. "काढा ती कार्डं," त्या म्हणाल्या. "मी उभी राहते तुमच्या शेजारी." आणि खरोखरच त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. टॉवेलवाल्यानं एकेक करून अठरा कार्डं ठेवली, अठरा टॉवेल उचलले. गॉगलवाली तावातावानं आली तेव्हा बाईंनी तिला फक्त एवढंच सांगितलं, "रुमालाला तिकीट नाही, बाई." टॉवेलवाल्यानं ते वाक्य मनात घोळवल्यासारखं ओठ हलवले होते.

त्याच बाई आज अनवाणी उभ्या होत्या, आणि त्यांच्या चपला खुर्ची धरून बसल्या होत्या.

पण आजचा दिवस खरंच वेगळा होता. या जहाजाच्या जोडीचं, अगदी याच्यासारखंच दुसरं जहाज आज समोरून येऊन शेजारून जाणार होतं. आणि त्या जहाजाच्या भटारखान्यात बाईंचा एकुलता एक मुलगा पाव भाजत होता. चौदा महिने झाले, त्यांनी त्याला पाहिलं नव्हतं. एकदा घरी येणार म्हणता म्हणता त्याचं काम वाढलं, दुसऱ्यांदा त्याची सुट्टी रद्द झाली. शेवटी धाकटीनंच ही सफर शोधून काढली. तो येत नाही तर आपण त्याच्या रस्त्यावर जाऊन उभं राहू, असा तिचा साधा हिशोब. काल संध्याकाळी मुलाचा निरोप आला होता. बाईंनी तो इतक्या वेळा वाचला होता की धाकटीलाही पाठ झाला होता.

"आई, उद्या अकरा वीस. आम्ही तुमच्या डाव्या बाजूनं जाऊ. साहेबांनी चार मिनिटं सुट्टी दिली आहे. मी सगळ्यात मागे, खालच्या डेकवर असेन. पांढरी टोपी. हातात पावाचा ट्रे. तो उन्हात दोनदा चमकवीन. तू पिवळी चादर हलव."

दोनदा चमकवीन हे वाचून बाईंना हसूही आलं होतं आणि रडूही. शाळेत असताना तो त्यांच्याच गाडीच्या मागच्या बाकावर बसून घरी यायचा. घंटेची दोरी ओढायची त्याला भारी हौस. एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की निघते, हे त्याला पाढ्यांच्या आधी आलं होतं. बाई तिकिटं फाडता फाडता मान हलवायच्या आणि तो दोनदा ओढायचा. टिंग टिंग. चला.

म्हणून आज डाव्या कठड्याजवळच्या तीन खुर्च्या. एक आपल्याला, एक धाकटीला आणि एक उभं राहायला, म्हणजे चादर सगळ्यांच्या डोक्यांवरून दिसेल. यात काही चुकतंय असं बाईंना वाटत होतं, नाही असं नाही. पण चौदा महिन्यांनी चार मिनिटं मिळणार असतील तर माणूस थोडं चुकतो, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

नाश्ता त्यांच्या घशाखाली उतरला नाही. आठ वाजता त्या खुर्चीवर येऊन बसल्या, सव्वाआठला उठल्या, कठड्यावरून वाकून पुढे पाहिलं, परत बसल्या. नऊपर्यंत हे दहा वेळा झालं. पाय एका जागी ठरत नव्हते. शेजारून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही त्या सांगत होत्या, "माझा मुलगा येतोय," आणि समुद्राच्या मधोमध मुलगा कुठून येणार हे न कळून माणसं हसून पुढे जात होती.

"ताई, पाणी तरी पी."

"नको. ऐन वेळी खाली जावं लागलं तर?"

पावणेदहाला काठीवाले आले. हे गृहस्थ रोज दिसायचे. पंचाहत्तरीचे, हडकुळे, एका हातात काठी आणि काखेत घडी घातलेलं वर्तमानपत्र. खुर्ची शोधत ते संपूर्ण डेकला एक फेरी मारायचे, सगळीकडे टॉवेल पाहायचे आणि शेवटी जिन्याच्या पायरीवर बसून वर्तमानपत्र उघडायचे. परवा त्यांना पायरीवर बसलेलं पाहून बाईंनीच टॉवेलमंडळाच्या नावानं बोटं मोडली होती.

"इथे पाच मिनिटं टेकू का?" तिसऱ्या खुर्चीकडे पाहत त्यांनी विचारलं. त्या खुर्चीवर चपला होत्या. "मग मला उभंच राहायचंय."

"धरलेली आहे," बाई म्हणाल्या. तोंडातून शब्द गेला आणि कानाला तो परका वाटला.

"बरं." काठीवाले थांबले. "ते दुसरं जहाज बघायला थांबला असाल, बाई, तर—"

"धरलेली आहे म्हटलं ना!"

आवाज जरा जास्तच चढला. एकतीस वर्षांचा आवाज तो, तीन बाकांवरचे लोक वळून बघू लागले. काठीवाल्यांनी मान हलवली आणि ते डेक ओलांडून पलीकडच्या बाजूला निघून गेले. धाकटी त्या चपलांकडे बघत राहिली.

वीस मिनिटांनी बाईंच्या लक्षात आलं की चादर खाली खोलीतच राहिली आहे.

त्या धाकटीला घेऊन धावत खाली गेल्या. खाली जाताना लिफ्ट मिळाली. खोलीत चादर काढली, झटकली, उंच धरून पाहिली. मग वाटलं, तोंड धुवावं, केस नीट करावेत, चौदा महिन्यांनी बघणार पोरगा. अर्ध्या मैलावरून त्याला केस काय दिसणार, हे धाकटीनं सांगून पाहिलं. परत लिफ्टपाशी आल्या तर तिथे ही गर्दी. सगळ्यांनाच वर जायचं होतं. पहिली लिफ्ट आली, टॉवेलमंडळातले दोघं दोन बाजूंनी हात पसरून दारात उभे राहिले. "आमची माणसं येतायत!" दार चार वेळा मिटायला गेलं, चार वेळा उघडलं. दुसरी लिफ्ट भरलेली आली. तिसरीत एका जोडप्यानं चाकांच्या बॅगा आडव्या घातल्या होत्या.

"जिन्यानं," बाई म्हणाल्या.

नऊ मजले. अनवाणी, चादर बगलेत, गुडघ्यांना शिव्या देत. धाकटी पाचव्या मजल्यावर कठड्याला टेकली आणि हातानंच 'तू हो पुढे' म्हणाली. बाई वर पोचल्या तेव्हा अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती.

तिन्ही खुर्च्या मोकळ्या होत्या. टॉवेल नव्हते, चपला नव्हत्या. प्रत्येक खुर्चीवर एकेक पिवळं कार्ड होतं. त्यावर वळणदार अक्षरात वेळ लिहिली होती, आणि शेजारी टॉवेलवाला हात मागे बांधून उभा होता.

"तुम्ही?" बाईंनी कार्डांकडे बोट दाखवलं. "माझ्या खुर्च्या?"

"चाळीसच्या वर तीन मिनिटं जास्त वाट पाहिली, बाई." त्याच्या कपाळावर घाम होता, पण तो हलला नाही. "रुमालाला तिकीट नाही. तुम्हीच शिकवलंत."

बाईंच्या तोंडात काहीतरी कडक आलं आणि तिथेच विरलं. "बरं, राहू दे," त्या म्हणाल्या. "जहाज येतंय. मला कठडा पुरे."

"या बाजूला?"

"मग? डावी बाजू ना ही?"

टॉवेलवाल्यानं त्यांच्याकडे पाहिलं. मग हात लांब करून जहाजाचं पुढचं टोक दाखवलं. "बाई, तिकडे तोंड करा. आता डावा हात कुठे आहे?"

बाईंनी तोंड वळवलं. त्यांचा डावा हात डेकच्या पलीकडच्या बाजूला गेला.

एकतीस वर्षं त्या ड्रायव्हरकडे पाठ करून उभ्या राहिल्या होत्या. गाडी पुढे जायची आणि बाई मागच्या बाकांकडे तोंड करून तिकिटं फाडायच्या. गाडीचं डावं म्हणजे त्यांचं उजवं, हे त्यांनी कधी मनात आणलंच नव्हतं. आणणार कशाला, गाडीत डावं म्हणजे त्यांचंच डावं. इथेही पहिल्या दिवसापासून त्या मागच्या टोकाच्या चहाच्या दुकानात बसल्या होत्या, पाण्यावर उमटत जाणारी फेसाची वाट बघत.

तेवढ्यात पलीकडून भोंगा वाजला. लांबून, दमदार, एकच. मग त्यांच्या पायाखालचं जहाज त्याला उत्तर देत असं काही गरजलं की सगळा डेक थरथरला.

बाई पळाल्या. साठ वर्षांची बाई चादरीचं गाठोडं पोटाशी धरून तलावाच्या कडेनं अनवाणी पळते आहे, तापलेल्या फळ्यांवर पाय भाजतायत, आणि तोंडानं "सरका, सरका, सरका!" चाललंय. पलीकडच्या कठड्यापाशी आल्या आणि थांबल्या. सगळी बाजू माणसांनी भरली होती. आणि त्यातला निम्मा कठडा टॉवेलमंडळानं व्यापलेला. सहा माणसं, बारा खुर्च्या, मोबाईल लावायचं एक तिकाटणं, दोन दुर्बिणी, आणि कर्ण्याच्या खिशात गाणी.

"मला जरा पुढे येऊ द्या," बाई म्हणाल्या. "एक मिनिट. माझा मुलगा आहे त्यावर."

गॉगलवालीनं मान अर्धवट वळवली. "जागा धरलेली आहे."

इथे बाईंचा आवाज चालायला हवा होता. या आवाजानं दारात लोंबकळणारी माणसं आत सरकली होती, तीन जणांच्या बाकावर चौथा बसला होता. बाईंनी छाती भरून श्वास घेतला, आणि आवाज निघेना. तेच शब्द दीड तासापूर्वी त्यांच्याच तोंडून गेले होते, याच चढ्या स्वरात. माणसांच्या डोक्यांमधल्या फटीतून त्यांना पांढऱ्या जहाजाचं नाक दिसत होतं. ते मोठं होत होतं. अकरा सतरा.

"बाई."

कठड्यापाशी, मंडळाच्या खुर्च्या संपतात त्या कोपऱ्यात, काठीवाले उभे होते. माणूस जेमतेम मावेल एवढी जागा. सकाळपासून ते तिथे पायांवर उभे होते, हे त्यांच्या गुडघ्यांच्या थरथरीवरून कळत होतं. त्यांनी बाईंच्या बगलेतली चादर पाहिली, पाय पाहिले.

"कोण आहे त्यावर?"

"मुलगा."

काठीवाल्यांनी एकदा समुद्राकडे पाहिलं. मग काठी टेकून ते मागे सरले.

"या. इथे या."

बाई त्या जागेत शिरल्या. आभार मानायलाही वेळ नव्हता. त्यांनी चादर झटकली, आणि वाऱ्यानं ती गपकन त्यांच्याच तोंडावर गुंडाळली. एकटीचं काम नव्हतं ते. "एक टोक मला द्या," मागून काठीवाले म्हणाले. त्यांनी टोकाला गाठ मारून ती काठीच्या मुठीत अडकवली आणि काठी दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरली. दुसरं टोक बाईंच्या हातात. चादर ताणली गेली, फडफडली, पिवळीजर्द.

समोरून सगळं जहाज आलं. मजल्यावर मजले, खिडक्यांच्या रांगा, कठड्यांवर मुंग्यांएवढी माणसं आणि ती सगळी हात हलवतायत. इकडूनही सगळे ओरडायला लागले. कुणाचं कुणी नसताना माणसं इतकी का ओरडतात, कोण जाणे, पण ओरडली. बाई मागचं टोक शोधत होत्या. डोळ्यांत पाणी, वर ऊन, काही म्हणता काही दिसेना.

"मागे, खाली!" ही गॉगलवाली. दुर्बीण डोळ्याला लावून ती किंचाळत होती, गॉगल कपाळावर चढवला होता. "टोपीवाला! अहो बाई, खाली बघा, टोपी! काहीतरी हलवतोय!"

आणि चमकलं. जहाजाच्या शेपटीशी, पाण्यापासून थोडं वर, उन्हाचा एक लखलखीत तुकडा. विझला. पुन्हा चमकला.

टिंग टिंग.

"पोरा!" बाई ओरडल्या. आता निघाला आवाज. कर्ण्यानं दचकून खिशातली गाणी बंद केली. "ए पोरा! मी इथे आहे! इथे!" या आवाजानं एकतीस वर्षं गाड्या थांबल्या होत्या. जहाज थांबलं नाही, पण तो ट्रे वेडा झाल्यासारखा चमकत सुटला. दोनदा, चारदा, मोजता येईना. शेजारी आणखी चार पांढऱ्या टोप्या उड्या मारत होत्या. बाई हसत होत्या, रडत होत्या, चादर ओढत होत्या, आणि मागची काठी त्यांच्या ओढीबरोबर हलत होती, पण खाली आली नाही.

मग जहाज पुढे गेलं. चमक बारीक झाली, फेसाची वाट उरली.

"आता जरा बाजूला व्हा," गॉगलवाली म्हणाली. तिनं गॉगल पुन्हा डोळ्यांवर घेतला होता. "ऊन अडतंय."

बाई वळल्या. काठीवाले चादरीची गाठ सोडत होते. ती सोडून त्यांनी चादरीच्या कडा एकमेकींना जुळवल्या, सुरकुती पडू न देता घडी घातली आणि बाईंच्या हातात दिली.

"रंग पक्का आहे," ते म्हणाले.

"तुमचं कोण होतं त्यावर?" बाईंनी विचारलं. इतका वेळ हे सुचलंच नव्हतं.

"कुणी नाही. जहाजच." ते जरा लाजल्यासारखे हसले. "मी गोदीत रंगारी होतो. त्याच्या कमरेला निळी रेघ आहे ना, नाकापासून शेपटीपर्यंत, ती माझी. म्हणजे आम्ही चौघं होतो, पण रेघ आखायचं सूत मी धरलं होतं. गोदीत जागा अशी की भिंतीला नाक लागतं. हातभर रेघ दिसते, बस्स. पुरती अशी कधी दिसलीच नाही. जहाज पाण्यात गेलं तेव्हा मी दुसऱ्या जहाजाच्या पोटाखाली होतो." ते थांबले. "सरळ होती का?"

चार मिनिटं जहाजाची कूस समोर होती. चार मिनिटं हा माणूस बाईंच्या पाठीमागे दोन्ही हात वर करून उभा होता, आणि त्याच्या डोळ्यांसमोर पिवळ्या चादरीशिवाय काही नव्हतं. आता लांब गेलेल्या जहाजाची फक्त पाठ दिसत होती.

'हो, सरळ होती,' हे जिभेवर आलं होतं. किती सोपं होतं ते.

"मी पाहिलीच नाही," बाई म्हणाल्या. "मी नुसतं त्यालाच बघत होते."

मग त्या टॉवेलमंडळाकडे गेल्या. "तुमच्या फोटोत जहाज आलंय का? सगळं?" गॉगलवालीनं मोठ्या उत्साहानं मोबाईल पुढे केला. चौदा फोटो होते. चौदाही फोटोंत मंडळाचे सहा हसरे चेहरे होते, आणि एका कानामागे जहाजाचा कपचा.

बाई परत आल्या आणि नुसती मान हलवली.

"असू दे," काठीवाले म्हणाले. "तुम्हाला दिसली नाही ना? मग सरळच असणार. वाकडी असती तर लगेच डोळ्यांत भरली असती. सरळ रेघ कुणाला दिसत नाही, बाई."

हे त्यांनी बाईंची समजूत घालायला म्हटलं की स्वतःची, ते कळायला मार्ग नव्हता. पण त्यांचे गुडघे आता उघड उघड लटपटत होते. बाईंनी त्यांचा दंड धरला आणि डेक ओलांडून पलीकडे नेलं. तीन खुर्च्यांपैकी दोन भरल्या होत्या. एकीवर धाकटी धापा टाकत पडली होती, एकीवर कुणी अनोळखी बाई लेकराला पाजत होती. तिसरीवर अजून कार्ड होतं. ते उचलून बाईंनी खिशात घातलं.

"बसा."

"धरलेली नाही ना?"

बाईंनी मान खाली घातली. काठीवाले बसले, पाय लांब केले, वर्तमानपत्र उघडलं आणि न वाचताच छातीवर ठेवलं.

टॉवेलवाल्याच्या खिडकीवर वहीत सही करून बाईंनी चपला घेतल्या. "बरोबर केलंत तुम्ही," त्या म्हणाल्या. त्यानं मिशीतल्या मिशीत हसून चपला त्यांच्या पायापाशी नीट जोडून ठेवल्या. तिथेच उभं राहून त्यांनी मुलाला निरोप लिहिला. दिसलास. बारीक झालायस. आणि मग आणखी एक ओळ लिहिली.

उत्तर यायला वीस मिनिटं लागली. मोबाईल वाजला तशा बाई चपला फटफटवत खुर्चीकडे आल्या. काठीवाल्यांचे डोळे मिटलेले होते, पण काठीवर ठेवलेली बोटं हलत होती.

"ऐका," बाई म्हणाल्या. "लिहितोय, 'आई!! दिसलीस! आमचा सगळा भटारखाना नाचला. चादरीला काठी कुणाची होती? त्यांना माझ्याकडून नमस्कार सांग.'" त्यांनी बोटानं निरोप वर सरकवला. "पुढे लिहितोय, 'निळी रेघ? कसली निळी रेघ? चौदा महिने झाले, दर बंदरात उतरून बाहेरून बघतो. मला तर कधी दिसली नाही.'"

काठीवाल्यांनी डोळे उघडले नाहीत.

"शेवटचं तेवढं," ते म्हणाले, "परत वाचा."

बाईंनी परत वाचलं. या वेळी मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.